भीमगडात वाघ सोडला, तेव्हा कुणाला विचारलं?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात असलेल्या भीमगड अभयारण्यातल्या गावांचं काय करायचं, यावर बेळगाव-खानापुरात गेली काही वर्षं तावातावानं बोललं जातंय. त्यातल्या तळेवाडीच्या २७ कुटुंबांनी प्रत्येकी १५ लाख रुपये घेऊन रानाबाहेर पडायचं मान्य केलं आणि या बोलण्याला आणखी धार आली. शहरातला निसर्गप्रेमी म्हणतो, जंगल जनावरांचं आहे, गावं हलवा. तालुक्यातला पुढारी म्हणतो, आधी माणूस, मग जनावर. एकाच्या हातात आकडे असतात, दुसऱ्याच्या तोंडी अन्याय. दोघंही एक गोष्ट मात्र धरून चालतात, ती ही की वन्यजीवांचं धोरण शास्त्र ठरवतं. पहिला म्हणतो त्या शास्त्राचं ऐका, दुसरा म्हणतो ते शास्त्र घाला चुलीत. मला हा पायाच चुकलेला वाटतो. रानात वाघ किती, हत्ती कुठल्या वाटेनं उतरतात, सांबरांना चारा पुरतो का, हे शास्त्र सांगू शकतं आणि त्यानं ते सांगावंच. पण कुठलं जनावर जपायचं, कुठल्याला मारायची मुभा द्यायची, धोका कुणाच्या शिवाराशेजारी ठेवायचा आणि किती, हे कुठल्याही मोजणीतून निघत नाही. ते माणसं ठरवतात. आपल्या आवडी, आपली भीती, मनात असलेली कुणाची किंमत आणि कुणाची नगण्यता, हे सगळं घेऊन ठरवतात. तो निवाडा असतो. आणि निवाडा असेल तर ज्याच्या दारात त्याचा परिणाम येऊन उभा राहणार आहे, त्याला समोर बसवून तो व्हायला हवा. आमच्या भागात तो तसा होत नाही.

२०१४ सालचं घ्या. खानापूर तालुक्यात चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, ते दिवस आठवतात. चिकमगळूर जिल्ह्यातल्या कॉफीच्या मळ्यांकडे माणूस मारल्यावरून एक वाघ पकडण्यात आला होता. पकडला, आता पुढं काय? कायमचा पिंजऱ्यात ठेवायचा, प्राणिसंग्रहालयात द्यायचा, की दुसऱ्या रानात सोडायचा? सोडायचं ठरलं. गळ्यात रेडिओ कॉलर घालून त्याला आमच्या भीमगडच्या रानात आणून सोडलं. आसपासच्या गावांना याची काही कल्पना नव्हती. बाया सरपणाला जात होत्या, गुराखी गुरं घेऊन नेहमीच्या वाटेनं जात होते. डिसेंबरात त्या वाघानं एका तरुण बाईचा जीव घेतला. तालुका पेटून उठला, आणि महिना सरायच्या आत त्या वाघाला गोळ्या घालण्यात आल्या. ज्या वाघाला वाचवण्यासाठी एवढा खटाटोप केला तो मेला, आणि जिला या सगळ्याचा पत्ताही नव्हता तीही गेली.

या प्रकरणाकडे आपण आजवर ‘चूक झाली’ असं म्हणून पाहत आलो. माणसाला सरावलेला उपद्रवी वाघ दुसऱ्या रानात सोडू नये, असं सांगणारे जाणकार तेव्हाही होते, त्यामुळे चूक होती यात वाद नाही. पण ती कसली चूक होती? वाघ किती चालतो, काय खातो, याच्या गणितातली नव्हती. कुणीतरी नकाशावर बोट ठेवून ‘इथं चालेल’ असं म्हटलं, तिथं ती झाली. भीमगडला अभयारण्याचा दर्जा २०११ च्या डिसेंबरात मिळाला. क्षेत्र जेमतेम १९० चौरस किलोमीटर, आणि त्यात गवाळी, कोंगळा, पास्टोली, आमगाव, कृष्णापूर, देगाव, तळेवाडी अशा डझनभर वाड्या-वस्त्या. नकाशावर त्या सगळ्यावर हिरवा रंग आहे. हिरव्या रंगाखाली माणसं आहेत हे सोडणाऱ्यांना माहीत नसेल, असं मी म्हणत नाही. माहीत होतं आणि तरी ‘चालेल’ वाटलं, हा खरा प्रश्न आहे. बेंगळूरच्या कडेला बन्नेरघट्ट आहे, तिथंही दाट रान आहे. माणूस मारल्याचा ठपका असलेला वाघ तिथं, आयटीवाल्यांच्या वसाहतींच्या पाठीमागं, कुणाला न सांगता सोडावा असं एकाही साहेबाच्या मनात आलं असतं का? आलं नसतं. कारण तिथल्या माणसाच्या जिवाची जी किंमत साहेबाच्या मनात आहे ती खानापूरच्या गुराख्याच्या जिवाची नाही. हा कुणा एकाच्या दुष्टपणाचा भाग मी मानत नाही. हा नजरेचा भाग आहे, आणि धोरण या नजरेतूनच तयार होतं.

ही नजर उलट बाजूनं पाहायची असेल तर २०२२ चा ऑगस्ट आठवा. बेळगाव शहरात जाधवनगरात बिबट्या दिसला, मग गोल्फ मैदानाच्या झाडीत त्याचा वावर असल्याचं कळलं. पुढं काय काय झालं ते साऱ्या शहरानं पाहिलं. आसपासच्या २२ शाळा बंद. सापळे, कॅमेरे, ड्रोन, शेकडो माणसं, शिकारी कुत्री, आणि शेवटी शिवमोग्ग्याच्या सक्रेबैल तळावरून आणलेले दोन हत्ती. महिनाभर शहराची झोप उडाली. बिबट्या काही सापडला नाही. या बंदोबस्ताला मी नावं ठेवत नाही. शाळेच्या कुंपणापलीकडे बिबट्या असेल तर शाळा बंद ठेवायलाच हवी, माझी नातवंडं त्या वयाची असती तर मीही तेच म्हटलं असतं. पण त्याच जिल्ह्यात, तिथून तासा-दीड तासाच्या अंतरावर, रानातल्या वाडीतलं पोर रोज बिबट्याच्या आणि गव्याच्या वाटेनंच शाळेला चालत जातं, त्याचं काय? त्याच्यासाठी कधी एक कॅमेरा लागला? जनावर तेच, धोकाही तोच. एका ठिकाणी त्याला ‘आणीबाणी’ म्हणतात, दुसऱ्या ठिकाणी ‘सहजीवन’. सहजीवनाचे गोडवे गाणाऱ्या लेखांखाली पत्ता बहुतेक शहरातला असतो, हे मला फार टोचतं.

आता कुणी म्हणेल, हे माणसांमधल्या भेदाचं झालं. जनावरांच्या बाबतीत तरी शास्त्रच बोलतं ना? तिथंही नाही. भीमगडातल्याच एका जिवाचं उदाहरण देतो. तळेवाडीच्या बाजूला बारापेडेच्या गुहा आहेत. तिथं जे वटवाघूळ राहतं ते जगात फारच थोड्या ठिकाणी सापडतं. कित्येक दशकं तर या गुहांखेरीज ते कुठं असल्याचं ठाऊकच नव्हतं. १९१३ साली त्याची शास्त्रात नोंद झाली आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेल्या रॉटन नावाच्या इंग्रज वनाधिकाऱ्याचं नाव त्याला मिळालं. वन्यजीव कायद्यात त्याला पहिल्या परिशिष्टात जागा मिळाली, म्हणजे वाघाच्या पंगतीला. आणि त्याच कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात, म्हणजे उंदीर, घुशी आणि कावळ्यांच्या यादीत, ‘उपद्रवी’ म्हणून कोण होतं? फळं खाणारी वटवाघळं. रानात बिया पसरवणारी, रात्री फुलणाऱ्या झाडांचं परागण करणारी. ही त्यांची कामगिरी शास्त्राला ठाऊक होती. तरीही ती यादीत राहिली, कारण बागायतदाराच्या पेरू-चिकूवर ती येतात आणि आपल्या मनात त्यांच्याबद्दल किळस आहे. ते पाचवं परिशिष्ट काढून टाकायला २०२२ ची दुरुस्ती उजाडावी लागली. पन्नास वर्षं एका किळसेला कायद्याचं बळ होतं.

याहून जुनी गोष्ट कोळसुंद्याची. आपल्या घाटमाथ्यावर गुराख्यांना हा रानकुत्रा चांगला माहीत आहे. इंग्रजी अमदानीत त्याला मारणाऱ्याला सरकार इनाम देत असे. गुन्हा काय? तो सांबर आणि चितळ खातो, आणि ते सांबर साहेबाला बंदुकीनं मारायचं असतं. त्याची शिकार करण्याची रीत म्हणे क्रूर, म्हणून तो हलकट जातीचा. आज तोच कोळसुंदा जगभर नामशेष होण्याच्या वाटेवरचा म्हणून जपला जातो. वाघाचंही तेच. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८० हजारांहून जास्त वाघ मारले गेल्याचा अंदाज इतिहासकार महेश रंगराजन यांनी मांडला आहे. त्यातले बरेचसे इनाम देऊन, सरकारी वहीत नोंद करून मारलेले. वाघ तेव्हा शेतीच्या आड येणारा शत्रू होता, आता राष्ट्राची शान आहे. या शंभर वर्षांत वाघाच्या वागण्यात काडीचा फरक पडलेला नाही.

इथं माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात जड आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. आक्षेप असा : माणसांच्या मनावर सोडलं असतं तर आज वाघच उरला नसता. १९७२ च्या गणतीत देशात १,८२७ वाघ निघाले. त्याच साली संसदेनं वन्यजीव कायदा केला, पुढच्या वर्षी व्याघ्रप्रकल्प आला, शिकारी थांबल्या, आणि २०२२ च्या मोजणीत तो आकडा ३,६८२ च्या घरात गेला. हे दिल्लीतून, वरून, ठामपणे झालं. त्या वेळी गावोगाव जाऊन ‘वाघ हवा का?’ असं विचारलं असतं तर उत्तर काय आलं असतं? ज्यांचे बैल वाघानं मारले त्यांनी ‘हवा’ म्हटलं असतं का? वाघाला मत नाही, हत्तीला मत नाही, आणि ज्यांना मत आहे त्यांना रान हवं आहे ते नाचणीच्या पिकासाठी, गवतासाठी, खाणीसाठी, रिसॉर्टसाठी. मग या मुक्या जिवांच्या बाजूनं कुणीतरी हट्टानं उभं राहायला नको का?

हवंच. यातलं बरंचसं मला मान्य आहे, आणि ‘आधी माणूस’ म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाला आजवर नीट उत्तर दिलेलं नाही. कायद्याचा तो हट्ट नसता तर भीमगडच काय, शेजारचं दांडेलीचं रानही उरलं नसतं. पण या युक्तिवादात दोन गाठी आहेत. पहिली म्हणजे वाघांचा तो संहार गावकऱ्यांच्या मतदानानं झाला नव्हता. इनाम लावणारं सरकार होतं, हत्तीवर बसून शिकार खेळणारे संस्थानिक आणि साहेब होते, आणि त्या काळच्या जाणकारांचा त्याला पाठिंबा होता. वरून घेतलेला निर्णय शहाणाच असतो असा इतिहास नाही; वरच्यांनीच मारलं आणि वरच्यांनीच वाचवलं. दुसरी गाठ सरिस्काची. कायदा होता, पहारा होता, पैसा होता, आणि तरी २००४-०५ मध्ये राजस्थानातल्या त्या नावाजलेल्या व्याघ्रप्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं. त्यानंतर केंद्रानं नेमलेल्या व्याघ्र कृतिदलानं जे सांगितलं त्याचा एक मोठा भाग असा, की रानाभोवतीची माणसं विरोधात गेली की बंदुकीचा पहारा पुरा पडत नाही. शिकाऱ्याला वाट दाखवायलाही गावकरीच लागतो आणि शिकाऱ्याची खबर द्यायलाही गावकरीच.

आणि ‘विचारणं’ म्हणजे ‘मतदान’ नव्हे, हा फरक कुणी करत नाही म्हणून मी जरा खोलात जातो. वाघ ही जात या देशात जगावी की नाही, हे रानातल्या तळेवाडीनं किंवा बेळगाव शहरातल्या टिळकवाडीनं ठरवायचं नाही. ते देशानं ठरवलं आणि ते योग्य आहे. पण पकडलेला वाघ कुठं सोडायचा, हत्तींना कुठल्या बाजूनं हुसकवायचं, कुठल्या वाडीची वाट बंद करायची, झालेलं नुकसान किती दिवसांत भरून द्यायचं, हे प्रश्न जातीच्या अस्तित्वाचे नाहीत. हे ओझं कुणाच्या खांद्यावर टाकायचं याचे आहेत. ज्याच्या खांद्यावर टाकणार त्याला आधी सांगायचंही नाही, यात वाघाचं कुठलं भलं झालं? २०१४ मध्ये गावांना नुसतं कळवलं असतं, दवंडी दिली असती, बायांना आठवडाभर रानात जाऊ नका म्हटलं असतं, तर कदाचित ती बाई वाचली असती आणि तो वाघही.

मात्र गावाच्या मनाला देव्हाऱ्यात बसवायची माझी तयारी नाही. आमची माणसं जिवावर बेतलं की काय करतात, ते मला माहीत आहे. २०२० च्या जानेवारीत, आमच्या हद्दीला लागून असलेल्या गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले गेले. गुरं मारली म्हणून. २०२५ च्या नोव्हेंबरात खानापूर तालुक्यातल्या सुळेगाळीच्या शिवारात दोन हत्ती कुंपणातल्या विजेच्या धक्क्यानं कोसळले. पीक वाचवायला तारेत वीज सोडणारा शेतकरी राक्षस नसतो. पण त्या तारेनं उद्या शेजारचं पोरही मरू शकतं, आणि हत्ती तर मेलेच. याचं समर्थन ‘आधी माणूस’ या दोन शब्दांत करता येत नाही.

त्याच वर्षी आमच्या भागानं हत्तीवरचं वेगळं प्रेमही पाहिलं. नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं जुलैत गुजरातेत जामनगरच्या प्राणी-निगा केंद्रात नेण्यात आली, तेव्हा कोल्हापूर-सांगलीपासून निपाणी-चिक्कोडीपर्यंत सीमेच्या दोन्ही बाजूंची माणसं रडली. हजारोंचा मूक मोर्चा निघाला. तिला निरोप देताना म्हाताऱ्या बायांनी तिच्या सोंडेवरून हात फिरवला, ते चित्र खोटं नव्हतं. तीस-तीस वर्षं जिला नावानं हाक मारली तिच्यावर जीव जडणारच. न्यायालयानं तिच्या पायांच्या जखमा पाहिल्या, भक्तांनी तिचे डोळे पाहिले; दोघांनीही तिचं भलंच पाहिलं आणि तरी दोघांचा निवाडा वेगळा आला. पण सुळेगाळीत मेलेल्या त्या दोन हत्तींसाठी तसा मोर्चा निघालेला मी पाहिला नाही. त्यांना नाव नव्हतं. दांडेलीच्या रानातून खानापूरमार्गे चंदगड-दोडामार्गात उतरणारे हत्ती आमच्या बोलण्यात ‘टोळी’ असतात, ‘संकट’ असतात. महाराष्ट्रात त्यांना ‘कर्नाटकचे हत्ती’ म्हणतात आणि परत पाठवा म्हणून मागणी होते; जणू १९५६ साली आखलेली रेघ हत्तीलाही लागू आहे. २०१५ मध्ये सिंधुदुर्गातल्या माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडले, त्यातले दोन काही महिन्यांतच मेले. मठातली हत्तीण देवाची आणि शिवारातला हत्ती चोर, हा भेद कुठल्या प्राणिशास्त्रात आहे? तो आमच्या मनात आहे. तो आहे हे कबूल केलं तरच त्यावर बोलता येईल.

तळेवाडीकडे परत येतो, कारण तिथं दुसरा मोठा आक्षेप उभा आहे. लोक म्हणतात, अहो, ती माणसं स्वतःहून निघाली, तुम्ही बाहेरचे लोक कशाला अश्रू ढाळता? हे खरं आहे. तिथल्या तरुणांना रानात राहायचं नाही. त्यांना मोबाईलची रेंज हवी, पोरांना कॉलेज हवं, मुलीला स्थळ यायला हवं. त्यांना ‘रानाचे राखणदार’ म्हणून रानातच डांबून ठेवायचा हट्ट शहरातल्या कुणी धरू नये, मीही नाही. पण त्यांच्या ‘हो’च्या आधी काय झालं तेही मोजा. पावसाळ्यात आजाऱ्याला फळीवर बांधून, खांद्यावर घेऊन कित्येक किलोमीटर चिखलातून आणल्याच्या बातम्या आमगावच्या बाजूनं आपण वाचल्या आहेत. रस्ता मागितला की अभयारण्याचा नियम पुढं केला जातो. प्रत्यक्षात २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) असं सांगतं की रस्ता, शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याच्या वाहिन्या अशा १३ सोयींसाठी, प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, ग्रामसभेच्या शिफारशीवरून देता येते. त्याच कायद्याचं कलम ४(२) सांगतं की वन्यजीवांसाठी गाव हलवायचं तर आधी लोकांचे हक्क नोंदवा, मग जनावरांचं भरून न येणारं नुकसान होतंय हे दाखवा, एकत्र राहण्याचा दुसरा मार्ग नाही हे ठरवा, आणि मग ग्रामसभेची मोकळी, सगळं समजून दिलेली संमती घ्या. क्रम हा आहे. आपल्याकडे वाट बंद ठेवून आधी माणसाला थकवलं जातं, मग त्याला विचारतात, जायचंय का? तो ‘हो’ म्हणतो. ती संमती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, पण तिला मोकळी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि गावाची वाट ज्या रानाला सोसत नाही, त्याच पट्ट्यात कणकुंबीच्या कळसा नाल्याचं आणि भांडुरा नाल्याचं पाणी वळवायचं असलं की रान एकदम सोशीक होतं. म्हादई नदीच्या पाणीतंट्यासाठी नेमलेल्या लवादानं २०१८ च्या ऑगस्टमध्ये या दोन कामांसाठी कर्नाटकला १.७२ आणि २.१८ टीएमसी पाणी दिलं. हुबळी-धारवाडला पाणी हवं, हे नाकारणारा मी कोण? तहान खरी आहे. पण मग बोलताना ‘रान अस्पर्श राहिलं पाहिजे’ असं म्हणू नये. कुणाच्या गरजेसाठी रानाला हात लावायचा आणि कुणाच्या गरजेसाठी नाही, याचा आपण निवाडा करतोय, असं म्हणावं. तसं म्हटलं की तळेवाडीचा माणूसही त्या बैठकीत बसू शकतो. ‘शास्त्र’ म्हटलं की तो बाहेर उभा.

बैठकीचा विषय निघाला म्हणून भाषेचंही बोलतो. त्याला सीमावादाचा रंग द्यायचा नाही. खानापूरच्या पश्चिम भागातला माणूस घरात मराठी बोलतो, गवळी-धनगर त्यांची बोली बोलतात. नुकसानीचा अर्ज, पुनर्वसनाचे कागद, हत्ती आल्याची सूचना कन्नडमध्ये येते. तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, ही हमी देशानं कित्येक दशकांपूर्वी दिलेली आहे. कन्नड ही राज्याची भाषा आहे, ती शिकावी, माझी मुलं शिकली. पण सत्तर वर्षांच्या म्हातारीला ‘आज रानात जाऊ नका’ हे तिला कळेल अशा शब्दांत सांगणं, हा काही राजकीय प्रश्न नाही. अंगठा लावायच्या कागदात आपलं गाव सुटतंय हे तिला वाचून दाखवणं, हाही नाही.

माझे मामा खानापूरच्या जांबोटीकडच्या एका गावात राहतात. गव्यांनी आणि हत्तींनी त्यांचं भात किती वेळा तुडवलं याची मोजदाद त्यांनी सोडून दिली आहे. एका वर्षी त्यांनी भरपाईचा अर्ज केला, कचेरीच्या पाच खेपा झाल्या, शेवटी जी रक्कम आली ती त्या खेपांच्या बसभाड्याशी जेमतेम जुळली. पलीकडं चंदगडातल्या त्यांच्या व्याह्यांना वेगळा दर, वेगळा कागद. हत्ती मात्र तेच. एवढं सोसून मामांनी तारेत वीज सोडलेली नाही. मी एकदा विचारलं, का नाही सोडली? तर म्हणाले, ‘अरे, त्यो गणपती. आणि तार उद्या आपल्याच म्हशीला लागंल.’ श्रद्धा आणि हिशेब एका वाक्यात. धोरण करणाऱ्यांनी याच वाक्यापासून सुरुवात केली तर बरंच काही निघेल.

तमिळनाडूत वालपराईच्या चहामळ्यांमध्ये नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या लोकांनी हत्तींच्या हालचालींची खबर मोबाईलवर संदेशानं आणि लाल दिव्यानं आधीच द्यायला सुरुवात केली, आणि तिथं अचानक हत्तीसमोर सापडून मरणाऱ्यांची संख्या घटली. आपल्याच राज्यात हासन आणि कोडगूकडे अशा सूचना जातात. त्याला ना गाव हलवावं लागलं ना हत्ती. तिथं आधी लोकांना विचारलं गेलं की तुमचा माणूस हत्तीला कुठं, कधी, कसा भेटतो. उत्तर आलं : संध्याकाळी, बसमधून उतरून घरी चालत जाताना. मग दिवा तिथं लागला.

गेल्या आश्विनात भात पिवळं पडायला लागलं तेव्हा मी मामांकडे होतो. रात्री शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसून ते पत्र्याचा डबा वाजवत होते. म्हणाले, ‘फॉरेस्टवाले नुकसान मोजायला येतात रे, हत्ती येणार म्हणून सांगायला कोण येत नाही. ओढ्याच्या अंगानं येणार की देवळाच्या मागनं, एवढं सांजेला कळलं तर मी माळा तिकडं हलवतो आणि पोरास्नी घरात ठेवतो.’ त्यांचा मोबाईल बाजूलाच चटईवर पडला होता, आणि तिथं दोन काड्या का होईना, रेंज होती.